रिसॉर्टमध्ये डायव्ह सेंटर चालवणाऱ्यांना खुलं पत्र: आम्हाला ‘नको’ म्हणायला वेळ द्या

प्रति,
समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टचे व्यवस्थापक आणि तिथे डायव्ह सेंटर चालवणारे मालक,

सप्रेम नमस्कार.

सुट्टीत तुमच्याकडे येणाऱ्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली श्वास घेऊ पाहणाऱ्या माणसांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. त्यांच्यातलीच मी एक. वय त्रेचाळीस, पोहता बऱ्यापैकी येतं, खोल समुद्राचा अनुभव शून्य. गेल्या सुट्टीत आम्ही चौघं डायव्हिंगला गेलो होतो. मी, माझे यजमान, चौदा वर्षांची लेक आणि मोठे दीर. ते सेंटर कोणतं, कुठलं, हे मी सांगणार नाही. कारण त्यानंतर जितक्या ओळखीच्यांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी आपापल्या सहलीची हीच गोष्ट सांगितली, फक्त गावं वेगळी. एखाद्या सेंटरवर राग काढून ही गोष्ट सुटणार नाही.

सुरुवात फॉर्मपासून करते, कारण आमची सुरुवातही तिथूनच झाली. बोट सुटायला दहा मिनिटं होती. ओल्या पॅडला अडकवलेले चार कागद आणि दोरीला बांधलेलं एक पेन आमच्या हातात आलं. दिरांनी चष्मा काढला, वाचायला लागले आणि म्हणाले, “अरे, मला बीपीची गोळी चालू आहे. इथे काय लिहू?” समोरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, “सगळीकडे ‘नाही’वर टिक करा काका. एक जरी ‘हो’ केलंत तरी डॉक्टरचं पत्र लागेल, आणि आज तर ते मिळणार नाही.” दिरांनी माझ्याकडे बघितलं, मी बोटीकडे. त्यांनी टिक केली. मला त्या दिवशी सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं. मीही टिक केली.

त्या मुलाने आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. सही आमची होती. पण त्या दहा मिनिटांत आमच्यासमोर दोनच पर्याय होते: खोटं लिहायचं, किंवा चौघांची सहल मोडायची. फॉर्म मिळायची वेळच अशी होती की खरं लिहिणं कुणालाच परवडू नये.

जगभरात वापरला जाणारा आरोग्याचा फॉर्म 2020 मध्ये नव्याने तयार झाला. डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्रातल्या तज्ज्ञांच्या समितीने तो केला. पहिल्या पानावर मोजून दहा प्रश्न आहेत. त्यातला एक वयाचा आहे: तुम्ही 45 च्या पुढचे आहात का? ‘हो’ म्हटलं की पुढच्या पानावर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान असं विचारलं जातं, आणि त्यात एक जरी ‘हो’ आलं तर डॉक्टरांची लेखी संमती लागते. म्हणजे छप्पन्न वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसासाठी काय करायचं हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि त्याला कारण आहे. माणूस पाण्यात शिरला की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावरचा भार वाढतो. वर अंगावर सिलिंडर, समोर लाट, मनात भीती. धडधाकट हृदय हे सहज निभावून नेतं. ज्याचं तसं नाही, त्याला ते पाण्याखाली कळतं.

दिरांना त्या दिवशी काही झालं नाही. पाण्यातून हसत बाहेर आले, अजूनही फोटो दाखवतात. पण माझ्या मनात तीच गोष्ट जास्त राहिली आहे. काही झालं नाही म्हणून तो फॉर्म पुन्हा कुणी उघडून बघितला नाही, आणि त्या मुलाला आपण काही चुकीचं केलं असं वाटायचं कारणही उरलं नाही.

म्हणून पहिली विनंती: आमच्या बुकिंगचा मेसेज ज्या दिवशी येतो, त्याच दिवशी त्याच मेसेजसोबत हा फॉर्म पाठवा. खोली, जेवण, विमानतळावरून न्यायला येणारी गाडी, सगळ्याची माहिती तुम्ही पंधरा दिवस आधी पाठवता. मग फॉर्मचं एक पान पाठवायला काय जातं? आम्ही घरी बसून वाचू, आमच्या डॉक्टरांना विचारू, पत्र घेऊन येऊ. आणि डॉक्टर नाही म्हणाले तर घरीच समजेल, हिरमोड होईल तो चार भिंतींत होईल. बोटीवर पाय ठेवताना, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना ‘मला नको’ म्हणणं फार अवघड असतं.

आता ब्रीफिंगबद्दल. आमचं बोटीवर झालं, इंजिन चालू असताना. अर्धं ऐकू आलं, अर्धं आलं नाही. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं उपकरण, कसा धरायचा ते सांगितलं. अंगठा आणि तर्जनीचा गोल करून ‘ओके’ कसं दाखवायचं ते शिकवलं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, ‘मस्त’ असा नव्हे, हेही सांगितलं असं यजमान म्हणतात. मला ते ऐकू आलं नव्हतं. कान कसे मोकळे करायचे हे एका वाक्यात उरकलं: “नाक दाबा आणि फुंका.” कधी, किती वेळा, आणि नाही झाले तर काय करायचं, यातलं काहीच नाही. श्वास रोखायचा नाही, हे तर मला परत आल्यावर वाचून कळलं.

आणि खरं तर तेच सगळ्यात आधी सांगायला हवं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइलचा 1662 सालचा नियम शाळेत आपण सगळ्यांनी घोकला आहे: दाब दुप्पट, तर हवेचं आकारमान निम्मं. डायव्हिंगमध्ये हा नियम उलट्या बाजूने अंगावर येतो. दहा मीटरवर सिलिंडरमधून छाती भरून घेतलेला श्वास रोखून कुणी वर आलं, तर ती हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुसांत तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, छाती भरलेली असेल तर दीड मीटरसुद्धा पुरतं. आणि पोहणाऱ्या माणसाला जन्मभर शिकवलेलं काय असतं? पाण्याखाली श्वास रोखायचा. म्हणजे ज्याला पोहता येतं त्याला तर हे आणखी ठासून सांगावं लागेल.

एक छोटी गोष्ट यातच सांगते, कारण ती मला सतत खटकते. तुमचीच माणसं आम्हाला ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. त्यात नुसता ऑक्सिजन नसतो, आपण श्वासात घेतो तीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन असता तर सहा मीटरच्या खाली तो धोक्याचा ठरला असता, झटके येऊ शकले असते. शब्द चुकला म्हणून कुणी बुडत नाही, मान्य. पण आपल्या तोंडात काय जातंय हे ज्याला नीट सांगितलेलं नाही, तो पाण्याखाली सगळं नशिबावर सोडून देतो.

आता पाण्यातलं सांगते. पाठीमागून प्रशिक्षकाने माझ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरला आणि आम्ही खाली जायला लागलो. पहिले काही क्षण विलक्षण होते. बोटीच्या इंजिनाचा आवाज एकदम लांब गेला आणि फक्त माझा श्वास ऐकू यायला लागला, आत घेताना खर्जात आणि सोडताना बुडबुड्यांची खळखळ. रबराची चव जिभेवर होती. मग डाव्या कानात कुणी बारीक सुई दाबावी तसं झालं. नाक दाबून फुंकलं. उजवा कान ‘टक्’ करून मोकळा झाला, डावा नाही. आम्ही खालीच जात होतो. मी हाताने कानाकडे खूण केली, पण तो माझ्या मागे होता, त्याला माझा हात दिसणारच नव्हता. सुई आत जात राहिली. तळाशी पोचल्यावर तो पोहत माझ्यासमोर आला. एका हातात कॅमेरा होता. दुसऱ्या हाताने त्याने गोल करून विचारलं, ‘ओके?’

आणि मी ‘ओके’ दाखवलं.

का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. मला एकच खूण येत होती. समोरचा माणूस ज्या खुणेने विचारतो आहे, तीच खूण हाताने आपोआप परत केली. ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणायला हाताचा पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग बिघडलेल्या जागेकडे बोट करायचं, ही खूण मला कुणी शिकवली नव्हती. तिला शिकवायला दहा सेकंद लागतात. त्यानंतर जवळजवळ पंधरा मिनिटं मी माशांच्या मधोमध उभी होते आणि मला एकही मासा आठवत नाही. वर आल्यावर मास्क काढला तर आत रक्त होतं. कानाच्या डॉक्टरांनी पडद्यामागे रक्त साचल्याचं सांगितलं आणि तो बरा होईपर्यंत विमानात बसायला मनाई केली. परतीचा प्रवास पुढे ढकलावा लागला. ऐकू यायला बरेच दिवस गेले. आता कान पूर्ण बरा आहे.

त्या प्रशिक्षकाला मी दोष देत नाही, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. त्या दिवशी आमच्या आधी तो तीन वेळा पाण्यात जाऊन आला होता आणि आमच्यानंतर आणखी माणसं वाट बघत उभी होती. दिवसभर वर-खाली, वर-खाली करणं त्याच्या स्वतःच्या अंगाला सगळ्यात वाईट. पाण्याखाली श्वासातल्या हवेतून रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, तो दिला नाही तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. 1908 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं तयार केली ती याचसाठी. तुमच्या प्रशिक्षकाला ते सगळं पाठ असतं. पण तासाला एक गट पाण्यात उतरलाच पाहिजे असं कोष्टक तुम्ही त्याच्या हातात दिलंत, तर तो हॉल्डेनचं ऐकेल की तुमचं? पाण्याखाली आम्हाला जी घाई जाणवते ती त्याची नसते. ती ऑफिसमधल्या फळ्यावर लिहिलेली असते.

म्हणून दुसरी विनंती गटाच्या आकाराची आणि वेळेची आहे. पाडी ही सगळ्यात मोठी प्रशिक्षण संस्था. तिच्या नियमांत पहिल्याच अनुभवासाठी खोलीची मर्यादा 12 मीटर आहे आणि प्राथमिक कोर्स पूर्ण केलेल्यांसाठी 18. हे आकडे तुमच्या भिंतीवर छान छापलेले असतात. पण खोलीइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की एका प्रशिक्षकाच्या नजरेत किती माणसं मावतात. त्याला हात दोनच आहेत. माझ्या मते पहिल्यांदा उतरणाऱ्या दोघांपेक्षा जास्त माणसं एकाकडे देऊ नयेत, आणि त्याने त्यांच्यासमोर राहावं, मागे नाही. खाली जाताना दोर धरून, पाय खाली ठेवून, आमच्या कानांच्या वेगाने जावं. कानाला सगळ्यात जास्त त्रास पहिल्या काही मीटरांतच होतो, कारण कानातल्या हवेच्या आकारमानात होणारा बदल तिथेच सगळ्यात मोठा असतो. दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला कान मोकळे करायचे. नाही झाले तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. तरी नाही झाले तर वर. त्यात हरण्यासारखं काही नाही, हे आम्हाला बोटीवरच सांगितलं गेलं पाहिजे, तुमच्या माणसाच्या तोंडून.

आणि कॅमेरा त्याच्या हातातून काढा. हे लिहिताना मला तुमच्या कपाळावरची आठी दिसते आहे, फोटो-व्हिडिओ हा तुमच्या धंद्याचा भाग आहे हे मला कळतं. फोटो हवेत तर दुसरा माणूस पाठवा, ज्याचं काम फक्त फोटो काढणं असेल. ज्याच्यावर माझा श्वास अवलंबून आहे त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे मला हवे आहेत. फोटोसाठी आम्हाला प्रवाळावर बसवणं, त्याला धरून उभं करणं हे तर ताबडतोब बंद करा. मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माझ्या लेकीच्या गुडघ्याने त्या दिवशी जे मोडलं ते तिच्या वयापेक्षा म्हातारं असू शकेल, आणि ती त्यानंतर दोन दिवस त्याबद्दल बोलत होती.

घाबरलेला नवखा माणूस काय करतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो वर पळतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था 1980 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून सुरू झाली. डॅनच्या संशोधकांनी 1992 ते 2003 या काळातल्या डायव्हिंगमधल्या 947 मृत्यूंचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवात कशाने झाली हे ज्या घटनांत ठरवता आलं त्यांत 41 टक्के वेळा सिलिंडरमधली हवा अपुरी पडली होती. आणि पुढे ज्या गोष्टीने घात केला, तीत 55 टक्के वेळा घाईघाईने वर येणं होतं. ही सगळी माणसं पहिल्यांदाच उतरलेली नव्हती, पुष्कळजण शिकलेले, सराव असलेले होते. त्यांची ही गत होते, तर माझ्यासारखीचं काय? आमच्यातल्या एकीलाही सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या प्रेशर गेजवरचा काटा कसा वाचायचा ते सांगितलेलं नव्हतं. लेकीने वर आल्यावर विचारलं, “हे घड्याळ कसलं?”

शेवटच्या दिवशीच्या डायव्हबद्दलही सांगायचं आहे. तुमच्या पॅकेजमध्ये ती सर्रास असते: सकाळी डायव्ह, दुपारी विमान. डॅनची शिफारस आहे की एकच डायव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी किमान 12 तास जाऊ द्यावेत, आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान 18 तास. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा कमी केलेला असतो. शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. घाटातला उंच रस्ताही त्यातलाच. आमचं परतीचं तिकीट तुमच्यासमोर असतं, बऱ्याचदा ते तुम्हीच काढलेलं असतं. मग ही डायव्ह पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवायला कुणाची परवानगी हवी?

मोजणीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण ती न करण्याला काही सबबच नाही. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन दांपत्य पाण्यात असतानाच बोट परत गेली. बोटीवरच्या मोजणीत चूक झाली होती. दोन दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर सापडलं तेव्हा ही गोष्ट लक्षात आली. ती दोघं पुन्हा कधीच सापडली नाहीत. त्यानंतर त्या राज्यात मोजणीचे आणि नोंदीचे नियम कडक झाले. आमच्या बोटीवर मोजणी झाली ती अशी: “सगळे आले ना?” आणि आम्ही पाच-सहा जण एकदम ‘हो’ म्हणालो. नावं वाचा. ज्याचं नाव वाचलं त्याने स्वतः उत्तर द्यायला हवं.

बोटीवर ऑक्सिजनचा संच असावा, तो चालवता येणारा माणूस असावा, आणि जवळचा रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे अंगात बुडबुडे झालेल्या डायव्हरवर हवेचा दाब वाढवून उपचार करायची बंद खोली, कुठे आहे व तिथे पोचायला किती वेळ लागतो हे तुमच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ असावं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी आमच्या सेंटरमध्ये हा प्रश्न विचारला होता, पण परतल्यावर, कानात कापूस घालून. काउंटरवरच्या मुलीने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, फार चांगली वागली. चेंबर म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं केलं तर दिवसाला गट निम्मे होतील. होतील. मग पहिल्या दिवशी दुपारी स्विमिंग पूलमध्ये एक तास घ्या. तिथे मास्कमध्ये पाणी घालून काढायला शिकवा, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायला शिकवा, कान मोकळे करायला लावा, सगळ्या खुणा दोनदा करून घ्या. पूल तुमच्याकडे आहेच, दुपारी तो रिकामाच असतो. ज्याला तिथे भीती वाटेल तो तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात ‘नको’ म्हणेल आणि बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसेल. उरलेले दुसऱ्या दिवशी समुद्रात तुमच्या माणसाला निम्मा त्रास देतील. या तासाचे वेगळे पैसे लावा. मी देईन. माझ्या ओळखीतल्या ज्यांना ज्यांना विचारलं, तेही द्यायला तयार आहेत.

माझी लेक पुढच्या सुट्टीत पुन्हा जायचं म्हणते आहे. तिने पाण्याखाली एक कासव बघितलं, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि त्याचं वर्णन ती अजूनही जेवताना करते: डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, वर जाऊन श्वास घेऊन परत येणं. तिला मी नाही म्हणणार नाही. मलाही ते कासव बघायचं आहे. यावेळी खोलीबरोबरच मी आरोग्याचा फॉर्म आधी मागवणार आहे, आणि एका प्रशिक्षकाकडे किती माणसं असतील, पूलमधला तास आहे का, शेवटची डायव्ह कुठल्या दिवशी आहे, हे लेखी विचारणार आहे. दीर आधी डॉक्टरांकडे जाणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलं आहे. जे सेंटर उत्तर देईल त्यांच्याकडे आम्ही चौघं येऊ.

आपली,
गेल्या सुट्टीत तुमच्यापैकीच एकाकडे आलेली एक पाहुणी